यादीत नाव नसते तेव्हा

शाळेचे स्नेहसंमेलन महिन्यावर आले आहे. नाटकासाठी मुलामुलींची निवड व्हायची आहे. दुपारच्या सुट्टीनंतर सभागृहात एकेकाला बोलावतात. समोर तीन शिक्षक बसलेले असतात. आठवडाभर आरशासमोर घोकलेला उतारा तुम्ही म्हणू लागता. दुसऱ्याच वाक्याला घसा कोरडा पडतो, आवाज चढतो आणि तिसरे वाक्य काही केल्या आठवत नाही. "बरं, पुढचा कोण?" असे शब्द कानावर येतात. दुसऱ्या दिवशी फलकावर यादी लागते. तुम्ही ती वरून खाली वाचता, मग खालून वर वाचता. तुमचे नाव नाही.

हा प्रसंग तुमच्यावर आला असेल, निदान तुमच्या बाकावरच्या मित्रावर किंवा मैत्रिणीवर तरी आला असेल. नाटकासाठी, एकांकिका स्पर्धेसाठी, आकाशवाणीसाठी किंवा मालिका-चित्रपटांसाठी जी निवडचाचणी घेतात, तिला आता सगळेच 'ऑडिशन' म्हणतात. 'ऐकणे' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून हा शब्द आला आहे. म्हणजे कोणीतरी तुमचे थोडा वेळ ऐकून घेणे, एवढाच त्याचा मूळ अर्थ. पण नकार मिळाला की आपल्याला वाटते, यांनी आपल्याला पुरते पारखले आणि बाजूला ठेवले. घरी आल्यावर जेवण जात नाही. "काय झालं रे?" असे आईने विचारले तरी डोळे भरून येतात. 'पुन्हा नाटकाचे नाव काढणार नाही' अशी प्रतिज्ञा करून आपण उशीत डोके खुपसतो.

असे का होते बरे? यात शरीराचा वाटा किती, मनाचा किती आणि परीक्षकांचा किती? आणि ती प्रतिज्ञा पाळावी की मोडावी? या प्रश्नांवर गेल्या काही दशकांत पुष्कळ प्रयोग झाले आहेत. ते समजून घेतल्याने निराशा नाहीशी होणार नाही. पण निराशा आपल्याला कोठे खरे सांगते आणि कोठे फसवते, हे ओळखता येईल.

घसा का कोरडा पडतो?

सुरुवात शरीरापासून करू. १९९३ साली जर्मनीतील ट्रिअर येथील विद्यापीठात क्लेमेन्स किर्शबाउम व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग बसवला. त्यांना ताणाचा अभ्यास करायचा होता. त्यासाठी प्रयोगशाळेत माणसाला खात्रीने ताण येईल, अशी परिस्थिती हवी होती. ती त्यांनी कशी निर्माण केली असेल? विजेचा धक्का देऊन? साप दाखवून? नाही. तीन-चार परीक्षक एका टेबलामागे बसवून!

प्रयोगात भाग घेणाऱ्याला तयारीसाठी थोडा वेळ देत. मग त्याने परीक्षकांसमोर उभे राहून भाषण करायचे. त्यानंतर १,०२२ या संख्येतून दर वेळी १३ वजा करीत मोठ्याने उत्तरे सांगायची. चुकला की पुन्हा १,०२२ पासून सुरुवात. परीक्षकांना सक्त सूचना असे की, हसायचे नाही, मान डोलवायची नाही, चेहरा कोरा ठेवायचा. एवढ्यानेच भाग घेणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि लाळेतील कॉर्टिसॉल या संप्रेरकाचे प्रमाण दुपटीपासून चौपटीपर्यंत गेले. ताणाचा अभ्यास करण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळांत ही पद्धत आजही वापरतात. तुमच्या सभागृहातील तो प्रसंग आणि ही चाचणी यांत फारसा फरक नाही, हे तुमच्या लक्षात आलेच असेल.

आता शरीरात काय घडते ते पाहू. मेंदूच्या आत, दोन्ही बाजूंना, बदामाच्या आकाराचा एकेक लहानसा भाग असतो. त्याला अमिग्डला म्हणतात. धोक्याची सूचना देण्यात त्याचा मोठा वाटा असतो. सूचना मिळताच स्वायत्त चेतासंस्था कामाला लागते आणि मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रक्तात अॅड्रिनॅलिन सोडतात. हे सारे काही सेकंदांत होते. हृदय जोराने धडधडू लागते. त्वचेकडे जाणारा रक्तपुरवठा कमी होतो, म्हणून हात गार पडतात. पातळ लाळ सुटणे मंदावते, म्हणून घसा कोरडा पडतो. स्वरयंत्राचे स्नायू ताणले जातात, म्हणून आवाज चढतो. वाघ समोर आला तर पळायला किंवा झुंजायला ही तयारी उत्तमच आहे. संवाद म्हणायला मात्र ती अडचणीची ठरते.

कॉर्टिसॉल जरा सावकाश येते. ताण सुरू झाल्यापासून साधारण वीस ते तीस मिनिटांनी त्याचे प्रमाण सर्वांत जास्त होते आणि पूर्ववत होण्यास तासभर तरी लागतो. ते वाढलेले असताना आधी पाठ केलेले आठवणे कठीण जाते, असेही प्रयोगांत दिसून आले आहे. तेव्हा तिसरे वाक्य निसटले ते तुम्ही ढ आहात म्हणून नव्हे.

हे तुम्हांला स्वतः पडताळून पाहता येईल. शांत बसून मनगटावरची नाडी एक मिनिटभर मोजा. मग दोन मित्रांना कोऱ्या चेहऱ्याने समोर बसवा आणि त्यांच्यासमोर १,०२२ मधून १३ वजा करीत जा. पाच मिनिटांनी पुन्हा नाडी मोजा. मित्र आहेत हे ठाऊक असूनही आकडा किती बदलतो, ते वहीत लिहून ठेवा.

चेंडू न मिळणारा खेळाडू

पण ताण चाचणी संपली की ओसरतो. नकाराचे दुःख मात्र नंतर सुरू होते. त्याचे काय?

२००३ साली अमेरिकेतील नाओमी आयझेनबर्गर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा खेळ वापरला. भाग घेणारा माणूस मेंदूची प्रतिमा घेणाऱ्या यंत्रात झोपलेला असे. समोरच्या पडद्यावर तिघांचा चेंडू झेलण्याचा खेळ चाले. इतर दोघेही खरी माणसेच आहेत असे त्याला सांगितलेले असे. प्रत्यक्षात त्यांची चाल संगणकच ठरवीत होता. काही वेळ चेंडू तिघांत फिरे. मग ते दोघे एकमेकांकडेच टाकू लागत आणि तिसऱ्याकडे चेंडू येणे बंद होई.

किती क्षुल्लक गोष्ट! पैसे बुडाले नाहीत, कोणी वाईट बोलले नाही. तरीही त्या माणसांना मनापासून वाईट वाटले. त्यांच्या मेंदूतील ज्या भागाचे काम त्या वेळी वाढलेले दिसले, तो भाग शारीरिक वेदनेच्या वेळीही कामात असतो. 'मनाला लागले' असे आपण मराठीत म्हणतो, त्याला हा जणू पुरावाच मिळाला.

पण विज्ञान एका प्रयोगावर थांबत नाही. इतर संशोधकांनी दाखवून दिले की, मेंदूचा हा भाग इतरही अनेक कामांत गुंतलेला असतो. २०१४ साली अधिक बारकाईने केलेल्या अभ्यासात असे आढळले की, शारीरिक वेदना आणि नकाराचे दुःख यांच्या वेळी मेंदूतील जागा पुष्कळशी तीच असली, तरी त्या जागेतील हालचालीची नक्षी वेगवेगळी असते. म्हणजे दोन्ही दुःखे एकच नव्हेत, असे आज म्हणता येते. मात्र नकाराचे दुःख खरे असते, ते सोंग किंवा नाजूकपणा नसतो, याविषयी दुमत नाही.

असे दुःख होण्याची सोय निसर्गाने का करून ठेवली असावी? एक स्पष्टीकरण असे देतात. माणूस हा टोळीत राहून जगलेला प्राणी आहे. प्राचीन काळी टोळीबाहेर पडलेल्या माणसाचे जगणे अवघड होते. म्हणून आपल्याला कोणी वगळत असल्याची चाहूल लवकर लागणे आणि ती बोचणे उपयोगाचे होते. नाटकाच्या यादीत नाव नसले तर कोणी उपाशी मरत नाही, पण मेंदूतील ही जुनी घंटा तेवढ्याच जोराने वाजते.

अंदाज चुकतो तो कोठे?

समजा, निकालाच्या आदल्या दिवशी तुम्हांला विचारले, "नाव नसले तर किती दिवस वाईट वाटेल?" तुम्ही म्हणाल, "वर्षभर तरी!" असे अंदाज कितपत खरे ठरतात?

१९९८ साली डॅनिएल गिल्बर्ट, टिमोथी विल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासले. त्यांच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांची एका छोट्याशा नोकरीसाठी निवडचाचणी घेतली. नकार मिळाला तर दहा मिनिटांनी किती वाईट वाटेल, ते त्यांना आधीच अंक देऊन सांगायला लावले. नंतर सर्वांना नकारच कळवला. दहा मिनिटांनी विचारले तेव्हा त्यांचे मन स्वतःच्या अंदाजापेक्षा पुष्कळ सावरलेले होते. विशेष म्हणजे, निवड एकट्यादुकट्याच्या लहरीने झाली असे ज्यांना वाटले, ते अधिक लवकर सावरले. तीन जणांनी नीट विचार करून नाकारले असे ज्यांना वाटले, त्यांना वेळ लागला. पण आपल्याला असा फरक पडेल, हे त्यांना आधी सांगता आले नव्हते.

यावरून या शास्त्रज्ञांनी असे मांडले की, शरीराला जशी रोगप्रतिकारशक्ती असते, तशी मनालाही असते. ती आपोआप काम करते, म्हणूनच ती आहे हे आपल्या लक्षात येत नाही आणि भविष्याचा अंदाज बांधताना आपण तिला हिशेबात धरत नाही. अर्थात लहानशा नोकरीचा नकार दहा मिनिटांत ओसरला, म्हणून अनेक वर्षांच्या स्वप्नाचा नकारही तसाच ओसरेल असे नाही. त्याला दिवस, कधी आठवडे लागतात. पण 'हे दुःख कधीच संपणार नाही' असे जे त्या क्षणी वाटते, ते बहुधा खोटे ठरते.

परीक्षकांची फूटपट्टी

तापमापी तुमचे तापमान सांगते, फूटपट्टी उंची सांगते. मग निवडचाचणी काय सांगते? 'माझी लायकी' असे उत्तर आपण मनाशी देतो. ते तपासून पाहू.

समजा, नाटकात दोन भाऊ आहेत. मोठ्या भावाचे काम करणारा मुलगा आधीच ठरला आहे आणि तो बुटका आहे. आता धाकट्याच्या कामासाठी उंच मुलगा कितीही चांगला असला तरी चालणार नाही. आजीच्या भूमिकेला भारदस्त आवाज हवा, खारूताईच्या भूमिकेला चिरका. तीस मुलांनी शिवाजीमहाराजांचे काम मागितले तरी महाराज एकच असणार. उरलेल्या एकोणतीस जणांत उत्तम अभिनय करणारे चार-पाच तरी असतीलच. म्हणजे चाचणी मोजते ती एका विशिष्ट भूमिकेशी, एका विशिष्ट दिवशी तुमचे जुळते की नाही ही गोष्ट. हे मोजमाप निरुपयोगी नाही, पण ते तुमच्या साऱ्या गुणांचे मोजमापही नाही.

शिवाय परीक्षक हीही माणसेच असतात. याचे एक बोलके उदाहरण संगीताच्या क्षेत्रातील आहे. अमेरिकेतील मोठ्या वाद्यवृंदांत १९७० साली स्त्रियांचे प्रमाण ५ टक्क्यांहूनही कमी होते. त्या सुमारास अनेक वाद्यवृंदांनी निवडीच्या वेळी वादक आणि परीक्षक यांच्यामध्ये पडदा लावायला सुरुवात केली. वादक दिसायचा नाही, फक्त वादन ऐकू यायचे. काही ठिकाणी तर बुटांच्या आवाजावरून स्त्री की पुरुष हे कळू नये म्हणून जमिनीवर सतरंजी अंथरत. १९९७ पर्यंत स्त्रियांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेले. क्लॉडिया गोल्डिन व सेसिलिया राउझ या अर्थशास्त्रज्ञांनी २००० साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला. या वाढीला इतरही कारणे होती आणि पडद्याचा वाटा नेमका किती, यावर पुढे वादही झाला. पण मोठमोठ्या संस्थांना आपल्याच कानांवर पूर्ण विश्वास ठेवता आला नाही, एवढे तर यातून दिसतेच. अभिनयाच्या चाचणीत तर पडदा लावण्याचीही सोय नाही.

दहा चिठ्ठ्यांचा प्रयोग

आता थोडे गणित करू. समजा, प्रत्येक चाचणीत तुमची निवड होण्याची शक्यता दहात एक आहे. म्हणजे नकाराची शक्यता दहात नऊ. दोन्ही वेळा नकार मिळण्याची शक्यता ०.९ × ०.९ = ०.८१. पाच वेळा सलग नकार मिळण्याची शक्यता सुमारे ०.५९ आणि दहा वेळा सलग नकार मिळण्याची शक्यता सुमारे ०.३५.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. अगदी सारख्याच गुणांच्या १०० मुलांनी प्रत्येकी दहा चाचण्या दिल्या, तर सुमारे ६५ जणांना निदान एकदा तरी काम मिळेल. उरलेल्या ३५ जणांना दहाही वेळा नकारच मिळेल. या ३५ जणांत इतरांपेक्षा काहीही कमी नाही! तरीही त्यांतील प्रत्येक जण मनाशी म्हणेल, "दहा वेळा नाकारले, म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी असणार."

खोटे वाटते? मग वर्गात करून पाहा. डब्यात दहा चिठ्ठ्या टाका, एकीवर फुली करा. प्रत्येकाने दहा वेळा चिठ्ठी काढायची आणि दर वेळी परत टाकून डबा हलवायचा. वर्गात ४० मुले असतील तर सुमारे १४ जणांच्या हाती फुली एकदाही येणार नाही. हा आकडा दोन-चारने इकडेतिकडे होईल. त्या चौदा जणांना 'तुम्हांला चिठ्ठी काढता येत नाही' असे आपण म्हणू का?

खऱ्या चाचण्या म्हणजे निव्वळ चिठ्ठ्या नव्हेत, हे खरे. तेथे कौशल्याने शक्यता वाढते आणि निष्काळजीपणाने घटते. एका चाचणीत नडलेला दोष दुसरीतही नडू शकतो. पण चिठ्ठ्यांचा हा भाग त्यात असतोच, आणि निराश मन नेमका तोच विसरते.

यशस्वी माणसांच्या गोष्टी

अशा वेळी मोठी माणसे तुम्हांला थोरांच्या गोष्टी सांगतात. त्या खऱ्याही असतात. अमिताभ बच्चन यांचा आवाज आकाशवाणीच्या चाचणीत पसंत पडला नव्हता, ही हकीकत प्रसिद्ध आहे. पुढे १९६९ साली मृणाल सेन यांनी 'भुवन शोम' या चित्रपटाच्या निवेदनासाठी तोच आवाज वापरला. बिहारमधील बेलवा या खेड्यातून आलेल्या मनोज बाजपेयी यांना दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने वारंवार प्रवेश नाकारला. त्यांनी बॅरी जॉन यांच्याकडे अभिनयाचे धडे घेतले, रंगभूमीवर काम केले आणि १९९८ च्या 'सत्या' चित्रपटातील भिकू म्हात्रे या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवला.

या गोष्टी धीर देतात. पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याने येथे एक शंका विचारली पाहिजे. ज्यांना नकार मिळाला, ज्यांनी पुष्कळ प्रयत्न केले आणि तरीही ज्यांचे नाव झाले नाही, त्यांच्या गोष्टी कोठे आहेत? त्या छापून येत नाहीत. फक्त पोहून आलेल्यांनाच 'नदी कशी आहे?' असे विचारले, तर सगळे 'सोपी आहे' असेच सांगणार. म्हणून 'अमक्याला नकार मिळाला आणि तो मोठा झाला, तेव्हा मीही होणार' हे अनुमान चुकीचे आहे. बरोबर अनुमान लहान आहे, पण पक्के आहे. ते असे: एका नकारावरून, किंवा चार नकारांवरूनही, पुढचे काही ठरत नाही. आवाज तोच होता. एका ठिकाणी तो चालला नाही, दुसऱ्या ठिकाणी चालला.

निरीक्षण आणि अनुमान

आता तुम्ही म्हणाल, "हे सगळे समजले. पण यादी लागली त्या दिवशी मी करू काय?"

पहिला दिवस शरीराला द्या. कॉर्टिसॉल ओसरायला तासभर लागतो हे आपण पाहिले. तेव्हा त्या संध्याकाळी कोणतीही प्रतिज्ञा करू नका. रडू आले तर रडा, त्यात लाजण्यासारखे काही नाही. चार पावले फिरून या, श्वास सावकाश सोडा, जेवा आणि झोपा.

दुसऱ्या दिवशी लिहायला बसा. १९८६ साली जेम्स पेनीबेकर व सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांना चार दिवस रोज पंधरा मिनिटे आपल्या आयुष्यातील क्लेशकारक प्रसंगाविषयी लिहायला सांगितले. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांना त्या वेळी थोडे अधिकच वाईट वाटले. पण पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्या दवाखान्यातल्या फेऱ्या कमी झाल्या. नंतरच्या अनेक प्रयोगांत हा फायदा माफकच दिसला. तरी वही-पेन्सिलीपलीकडे याला खर्च नाही, तेव्हा करून पाहायला हरकत नाही.

लिहून झाल्यावर एका कोऱ्या पानावर मधोमध रेघ ओढा. डावीकडे लिहा 'निरीक्षण', उजवीकडे लिहा 'अनुमान'. प्रयोगवहीत आपण करतो तसेच. 'तिसरे वाक्य विसरलो', 'मागच्या बाकापर्यंत आवाज पोहोचला नाही', 'सगळा वेळ जमिनीकडे पाहत होतो' ही निरीक्षणे झाली. 'मला अभिनय येत नाही', 'बाईंना मी आवडत नाही', 'माझे कधीच काही होणार नाही' ही अनुमाने झाली. प्रत्येक अनुमानासमोर विचारा, 'एवढ्या निरीक्षणावरून हे सिद्ध होते का?' मानसशास्त्रज्ञांना असे आढळले आहे की, अपयशाचे कारण 'कायमचे, सगळीकडचे आणि सर्वस्वी माझेच' असे मानणारी माणसे लवकर खचतात. 'या वेळचे, येथले' असे कारण जेथे खरोखर दिसते तेथे ते मानणे म्हणजे स्वतःची समजूत घालणे नव्हे; ते अचूकपणाचे लक्षण आहे. तसेच डावीकडचे निरीक्षण खोडून टाकणे म्हणजे फसवणूक आहे. आवाज पोहोचला नसेल, तर तो पोहोचला नाही.

मग परीक्षकांपैकी एकाला भेटा. 'मला का नाही घेतले?' असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर देणे त्यांनाही अवघड जाते. 'पुढच्या वेळी एकच गोष्ट सुधारायची तर कोणती?' असे विचारा.

मिळालेल्या उत्तरावर सराव करायचा, पण तो योग्य रीतीने. आरशासमोर संहिता पुनःपुन्हा वाचल्याने पाठ झाल्यासारखे वाटते, आणि तेथेच आपण फसतो. रोडिगर व कार्पिकी यांनी २००६ साली असे दाखवले की, उतारा पुनःपुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा, एकदा वाचून मग तो न पाहता आठवणाऱ्यांच्या तो आठवडाभराने अधिक लक्षात राहतो. म्हणून वही मिटून संवाद म्हणा, अडला तेवढेच पाहा. आणि एकट्याने म्हणण्यापेक्षा आजी, शेजारचे काका, धाकटी भावंडे यांच्यासमोर म्हणा. समोर चेहरे असताना आठवण्याची सवय चेहऱ्यांसमोरच होते.

प्रत्यक्ष चाचणीच्या वेळी छातीत धडधडू लागले तर? अॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, गाणे म्हणण्यापूर्वी 'मला भीती वाटते आहे' असे म्हणणाऱ्यांपेक्षा 'मला उत्साह वाटतो आहे' असे म्हणणाऱ्यांचे गाणे अधिक अचूक झाले. धडधड दोन्हींत सारखीच असते. तिला कोणते नाव द्यायचे, एवढे मात्र आपल्या हाती असते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. दोन आठवडे उलटले तरी झोप लागत नसेल, भूक मेली असेल, कशातच गोडी वाटत नसेल किंवा जगणे नकोसे वाटण्याचे विचार येत असतील, तर ती साधी निराशा नव्हे. जगणे नकोसे वाटत असेल तर दोन आठवडे थांबूही नका. आईवडिलांना, विश्वासातल्या शिक्षकांना किंवा डॉक्टरांना लगेच सांगा. ताप आल्यावर आपण सांगतो, तसेच हेही सांगायचे.

शिक्षकांसाठी चार शब्द

निवड करणे तुम्हांला चुकत नाही, आणि नकारही चुकत नाही. पण त्याची धार कमी करता येते. तीन परीक्षक असतील तर प्रत्येकाने आपले गुण आधी कागदावर लिहावेत, मग चर्चा करावी. म्हणजे पहिल्या बोलणाऱ्याचे मत सर्वांचे होत नाही. चाचणी चालू असताना आपला चेहरा कोरा ठेवू नये. ट्रिअरच्या प्रयोगात माणसाला ताण यावा म्हणून मुद्दाम जे करीत, ते आपण नकळत करीत नाही ना, हे पाहावे. यादी फलकावर लागण्यापूर्वी नाव नसलेल्या मुलांना बाजूला बोलावून एकेक नेमकी गोष्ट सांगता आली, तर फार चांगले. आणि शक्य असेल तर प्रत्येकाला दुसऱ्यांदा म्हणून दाखवण्याची संधी द्यावी. पहिल्या वेळी पुष्कळदा आपण मुलाची भीतीच ऐकत असतो, दुसऱ्या वेळी त्याचा आवाज ऐकू येतो.

विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या वर्षी पुन्हा यादी लागेल. कदाचित तिच्यात तुमचे नाव असेल आणि शेजारच्याचे नसेल. तालमीला जाताना त्यालाही बरोबर न्या. पडदा ओढायला, प्रकाशयोजना सांभाळायला, विंगेतून संवाद सांगायला माणसे लागतातच. चेंडूच्या त्या खेळातील तिसऱ्या माणसाला मोठे काही नको होते. कोणीतरी एकदा त्याच्याकडे चेंडू टाकावा, एवढेच त्याला हवे होते.